तेलताडातली हळद आणि उशिरा दिसणारा तोटा

तेलताडाच्या, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडाच्या, राष्ट्रीय अभियानाला ऑगस्ट २०२१मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हापासून कोकणात एक वाक्य हमखास ऐकू येते: "आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेलताडाला पाण्याची काय कमी?" पाऊस पडतो हे खरे, पण जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबरमध्ये. या झाडाला तो वर्षभर वाटून लागतो, महिन्याला साधारण १५० मिलिमीटर. जांभ्याच्या उथळ जमिनीत पावसाचे पाणी टिकत नाही आणि जानेवारीनंतर झाड विहिरीवरच जगते. मोठ्या झाडाला रोज २०० लिटर पाणी लागते, एप्रिल-मेमध्ये २५० ते ३००. वीस गुंठ्यांत २८ झाडे बसतात, म्हणजे मेमध्ये रोज सात-आठ हजार लिटर. ओळींमध्ये घेतलेल्या हळदीसारख्या आंतरपिकाचे पाणी यात धरलेले नाही.

जागेचे गणित सोपे आहे. लागवड ९ मीटरवर त्रिकोणी पद्धतीने होते, हेक्टरी १४३ झाडे. दोन ओळींत ७.८ मीटर अंतर राहते. आळ्याची त्रिज्या पहिल्या वर्षी १ मीटर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ३. त्यामुळे आंतरपिकाचा पट्टा अनुक्रमे ५.८, ३.८ आणि १.८ मीटरचा उरतो. आळ्यात कुदळ घालायची नाही, कारण अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या फूट-दीड फुटातच असतात.

आता खरा मुद्दा. माडाच्या एकाच पोयीत (फुलोऱ्यात) नर आणि मादी फुले असतात. तेलताडाचा फुलोरा मात्र आख्खा नर नाही तर आख्खा मादी असतो. एकाच झाडावर काही महिने नर फुलोरे येतात, मग काही महिने मादी. घड धरतो तो फक्त मादी फुलोऱ्यावर. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक कळी असते. महिन्याला सुमारे दोन पाने येतात, म्हणजे वर्षाला २४ कळ्या.

यातली कोणती मादी होणार, हे फुलोरा उमलण्याच्या सुमारे दोन वर्षे आधी ठरते. तेव्हा ती कळी शेंड्याच्या गाभ्यात, बाहेरून दिसणारही नाही इतकी लहान असते. त्या काळात झाड तहानलेले असेल तर पानांची रंध्रे मिटतात, साखर कमी तयार होते आणि कळ्यांचा कल नराकडे झुकतो. मोठ्या झाडाचा घड १५-२५ किलोचा आणि तेलाने भरलेला असतो, आणि तेल घडवायला साखर फार खर्ची पडते. नर फुलोरा त्या मानाने स्वस्तात होतो. उमलल्यावर घड पिकायला आणखी साडेपाच-सहा महिने लागतात. म्हणजे २०२४च्या मेमधला ताण वजनकाट्यावर दिसणार २०२६ संपता संपता!

त्याच उन्हाळ्याचा दुसरा फटका आधीच बसून गेलेला असतो. उमलायला चार-सहा महिने उरलेल्या कळ्या ताणात आतल्या आत सुकतात, आणि ते घड साधारण वर्षभरात कमी पडतात. एका कोरड्या उन्हाळ्याची झळ अशी दोनदा लागते. तोवर हळद विकून झालेली असते. मग दोष रोपांना दिला जातो, खताला दिला जातो, नाही तर "नजर लागली" म्हणून बागेत काळी बाहुली टांगली जाते. ओळीने नर फुलोरे येणारे झाड 'नर निघाले' म्हणून तोडणे हाही तसलाच प्रकार. त्याला पाणी द्या आणि अडीच वर्षे थांबा.

म्हणून आंतरपीक निवडताना भावापेक्षा ते शेतातून कधी निघते ते पाहावे. हळद, आले आणि सुरण मे-जूनमध्ये लावून बहुतेक जानेवारीपर्यंत निघतात, म्हणजे विहीर तळाला जायच्या आत. हळद-आल्याला फूटभर उंच गादीवाफे हवेत, नाही तर कोकणच्या पावसात कंद कुजतात. केळी आणि उन्हाळी भाजी मात्र झाडाच्या तहानेच्या दिवसांतच पाणी मागतात. त्यांना ठिबकची वेगळी नळी आणि वेगळे खत देता येत असेल तरच ती लावावीत. केळ पालाश (पोटॅश) हे खतही भरपूर ओढते आणि तेलताडाची मुख्य भूकही पालाशचीच.

दुसरी चूक कोयत्याची. हळदीवर ऊन पडावे म्हणून हिरव्या झावळ्या छाटल्या, की साखरेचा कारखानाच लहान होतो आणि पुन्हा नर फुलोरे वाढतात. मोठ्या झाडावर किमान ४० पाने राहिलीच पाहिजेत. चौथ्या वर्षापासून झावळ्या एकमेकींना भिडून खाली सावली होऊ लागते, तेव्हा आंतरपीक बंद करावे आणि सुकलेल्या झावळ्या तुकडे करून ओळींमध्ये पसराव्यात. कोको आणि मिरीची वेळ येते ती आठ-दहा वर्षांनी, झाडे उंच होऊन खाली उजेड उतरू लागल्यावर. कोवळ्या झाडावर मिरी चढवून 'दुहेरी उत्पन्न' दाखवणाऱ्या जाहिराती घड काढायला कोण चढणार आणि कुठून, ते सांगत नाहीत.

नर फुलोरेही अगदी फुकट नसतात. परागीभवन करणारा छोटा सोंडकिडा त्यांच्यावरच वाढतो. तो मूळचा आफ्रिकेतला, १९८५मध्ये केरळात आणून सोडलेला. वांगी-मिरचीवर मारलेले कीटकनाशक त्यालाही मारते आणि मादी फुलोरा असूनही घड पोकळ राहतो. घड धरण्यासाठी फुलोरे झाडावर राखायला सुरुवात केली, की वारंवार फवारणी लागणारी पिके बागेतून काढावीत.