दाहावर साखरेची औषधं: पकड कच्ची, काम अवघड

काटा रुतलेली जागा लाल होते, सुजते, ठणकते. हाच दाह. यातला मोठा वाटा रक्तातून तिथे उतरलेल्या पांढऱ्या पेशींचा असतो. रक्ताबरोबर भरधाव निघालेली न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी नेमकी त्याच जागी थांबते कशी? याचं उत्तर पेशीच्या पृष्ठभागावरून बाहेर डोकावणाऱ्या चार शर्करांच्या एका छोट्या साखळीत आहे. सायलिक आम्ल, गॅलॅक्टोज, एन-ॲसिटिल ग्लुकोसमाइन या तीन शर्करा एका ओळीत, आणि शेवटच्या शर्करेला बाजूने चिकटलेली चौथी, फ्यूकोज. या चौकडीचं नाव सायलिल लुईस एक्स.

दुसऱ्या बाजूला, म्हणजे रक्तवाहिनीच्या अस्तरावर, तिला पकडणारी प्रथिनं असतात. त्यांना सिलेक्टिन म्हणतात. पी-सिलेक्टिन अस्तराच्या पेशींत आधीच साठवलेलं असतं आणि हिस्टामिन किंवा थ्रॉम्बिन या शरीरातल्या रसायनांचा इशारा मिळताच काही मिनिटांत बाहेर येतं. ई-सिलेक्टिन मात्र नव्याने तयार करावं लागतं, त्यामुळे ते भरात यायला चार ते सहा तास लागतात. तिसरं, एल-सिलेक्टिन, खुद्द पांढऱ्या पेशींवरच असतं. सिलेक्टिनने शर्करा पकडली की पेशीचा वेग एकदम उतरतो आणि ती अस्तरावरून गडगडत पुढे सरकू लागते. गडगडत असताना तिला अस्तरावरचे रासायनिक इशारे मिळतात. मग इंटेग्रिन नावाची दुसरी, घट्ट पकड चालू होते, पेशी जागीच थांबते आणि अस्तरातून पलीकडे शिरते.

या साखळीवाचून काय होतं ते एका दुर्मीळ जन्मजात आजारात दिसतं. त्यात फ्यूकोज पेशीतल्या योग्य कप्प्यात नेणारं वाहतूक-प्रथिन बिघडलेलं असतं, त्यामुळे सायलिल लुईस एक्स बनतच नाही. रक्तात न्यूट्रोफिल भरमसाट, पण ऊतींत उतरता येत नाही म्हणून जंतुसंसर्ग वारंवार. काही रुग्णांना तोंडावाटे फ्यूकोज दिल्यावर फरक पडला आहे. एका शर्करेच्या अभावाने एवढं होत असेल, तर तीच पकड तात्पुरती अडवून नको तिथला दाह रोखता येईल, हा तर्क 1990 पासून जोर धरू लागला. सायलिल लुईस एक्स ही ई-सिलेक्टिनची जोडीदार आहे, हे त्याच वर्षी अनेक गटांनी दाखवलं.

तर्क सरळ आहे. अडचण पकडीच्या ताकदीची आहे. एकटी सायलिल लुईस एक्स ई-सिलेक्टिनला धरते ती मिलिमोलरच्या आसपास (पकडीला लागणारं द्रावणातलं प्रमाण; आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट), म्हणजे औषधांच्या जगात जवळजवळ नाहीच म्हणावी इतकी सैल. चांगल्या औषधाकडून याच्या हजारो किंवा लाखो पट घट्ट पकडीची अपेक्षा असते. निसर्गाने ती सैल ठेवली, कारण बंध झटकन जुळून झटकन सुटला नाही तर पेशी गडगडणारच नाही, पहिल्याच जागी खिळून बसेल. पेशीला हे परवडतं, कारण तिच्याजवळ असे हजारो हात आहेत. औषधाच्या रेणूला मात्र एकच हात असतो.

त्यात सिलेक्टिनचा शर्करा बसण्याचा खळगा उथळ आहे आणि पाण्याने भरलेला आहे. शर्करा आत बसताना तिच्याभोवतीचं पाणी हटवावं लागतं. नव्या बंधांतून जी ऊर्जा मिळते तिचा बराच भाग या पाणी हटवण्यातच खर्ची पडतो.

म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी आधी एकेक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा गट) काढून पाहिलं की साखळीतलं खरोखर कामाचं काय आहे. फ्यूकोजचे हायड्रॉक्सिल हवेतच, त्यातले दोन प्रथिनातल्या कॅल्शियमला धरतात. गॅलॅक्टोजचे चौथ्या आणि सहाव्या जागेवरचे हायड्रॉक्सिल हवेत. सायलिक आम्लाचा कार्बोक्सिल गट हवा. एन-ॲसिटिल ग्लुकोसमाइन मात्र प्रथिनाला फारसं शिवतच नाही. बाकीच्यांना ठरावीक कोनात धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. मग त्याच्या जागी साधं सायक्लोहेक्झेनचं कडं बसवता येतं आणि सायलिक आम्लाच्या जागी सायक्लोहेक्झिल लॅक्टिक आम्ल. रेणू लहान होतो, बनवायला सोपा होतो आणि आधीच योग्य आकारात ताठ राहिल्यामुळे पकडही सुधारते. या वाटेने रिव्हिपॅन्सेल हे औषध आलं. त्यात अशा नकली शर्करेला सल्फोनेट गट असलेली शेपटी जोडली आहे, कारण पी आणि एल सिलेक्टिनना शर्करेशेजारी सल्फेटसारखा ऋणभारही लागतो. ई-सिलेक्टिन निम्मं अडवायला ते सुमारे 4 मायक्रोमोलर (मायक्रोमोलर म्हणजे मिलिमोलरचा हजारावा भाग) लागतं. मूळ साखळीच्या मानाने ही मोठी झेप आहे.

मूळ चौकडी प्रयोगशाळेत बनवणं हे वेगळंच दुखणं. दोन ग्लुकोज एकमेकांना जोडायचे म्हटलं तरी सहा कोनी कड्यांच्या रूपात अकरा वेगवेगळे रेणू होऊ शकतात. दोन ग्लायसीन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) जोडल्यावर एकच डायपेप्टाइड मिळतं. म्हणजे शर्करेत नेमका कोणता हायड्रॉक्सिल जुळावा आणि बंध अल्फा व्हावा की बीटा (बंधाच्या दोन दिशा), दोन्ही सांभाळावं लागतं. बाकीचे हायड्रॉक्सिल झाकून ठेवायचे, एक उघडा ठेवायचा, जोडायचं, मग पुढचा उघडायचा. झाकण कोणतं निवडलं यावर निकाल फिरतो. फ्यूकोजच्या दुसऱ्या जागेवर ॲसिटिल असेल तर ते स्वतःच मध्ये पडतं आणि बीटा बंध देतं. आपल्याला अल्फा हवा, म्हणून तिथे बेंझिल लावतात. सायलिक आम्ल सगळ्यांत हट्टी. जोडणीच्या कार्बनवर आधीच कार्बोक्सिल गट बसलेला, शेजारच्या कार्बनवर मदतीला यायला ऑक्सिजनच नाही, त्यामुळे जोडणी होण्याऐवजी हायड्रोजन निघून जाऊन दुहेरी बंधाचा निकामी रेणू तयार होतो. ॲसिटोनायट्राइलमध्ये उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपास काम केलं तर अल्फाचं प्रमाण वाढतं. या सगळ्यात पाण्याचा अंशही चालत नाही, म्हणून भांड्यात ताज्या तापवलेल्या आण्विक चाळण्या (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) टाकतात.

बंध हवा तसा झाला की नाही हे एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखणारं तंत्र) सांगतो. गॅलॅक्टोजच्या पहिल्या हायड्रोजनचा संकेत 7 ते 8 हर्ट्झने दुभंगलेला दिसला तर बीटा, 3 ते 4 ने दिसला तर अल्फा. शेवटच्या पायरीत पॅलेडियम आणि हायड्रोजनने सगळे बेंझिल एकदम काढायचे असतात. इथे हमखास होणारा घोटाळा असा: आधीच्या पायऱ्यांत गंधकाची संयुगं वापरलेली असली आणि त्यांचा अंश राहिला, तर पॅलेडियम विषारून जातं आणि काम अर्ध्यावर थांबतं. अधीर होऊन आम्ल वापरलं तर फ्यूकोजचा बंधच तुटतो.

विकरं (एन्झाइम) वापरली तर झाकणांची कटकट वाचते, पण क्रम पाळावा लागतो. आधी सायलिक आम्ल, शेवटी फ्यूकोज. फ्यूकोज आधी लागलं तर सायलिक आम्ल जोडणारं विकर त्या रेणूला शिवत नाही. फ्यूकोज जोडताना त्याला धरून आणणारा जीडीपी हा भाग सुटतो आणि विकरालाच अडवतो, तेव्हा तो फॉस्फेटेज या दुसऱ्या विकराने मोडत राहायचा.

रेणू हातात आला म्हणजे चाचणी आली, आणि या क्षेत्रात चाचण्यांनी बऱ्याच जणांना फसवलं आहे. सिलेक्टिनला कॅल्शियम लागतं. मग कॅल्शियम ओढून घेणारा कोणताही पदार्थ उत्तम औषध असल्यासारखा दिसतो. 1990 च्या दशकात काही शर्करा पी-सिलेक्टिनला आश्चर्यकारकरीत्या अडवत होत्या. शोध घेतल्यावर कळलं की शुद्धीकरणासाठी वापरलेल्या आयन-विनिमय राळेतून सुटलेले ऋणभारी बहुवारिक (लांब साखळ्यांचे रेणू) हे काम करत होते, शर्करेचा त्यात काही संबंध नव्हता. आणखी एक भेसळ म्हणजे जिवाणूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन. अत्यल्प प्रमाणातही ते स्वतःच दाह पेटवतं, त्यामुळे दाहाविरुद्धचा नमुना पेशींवर घालण्याआधी त्याची एंडोटॉक्सिन चाचणी झालीच पाहिजे. स्थिर ताटलीत चांगला निकाल देणारा रेणू वाहत्या द्रवात टिकेलच असं नाही, म्हणून नळीतून पेशी वाहवून गडगडण्याचा वेग मोजावा लागतो. उंदरांची तर गोष्टच वेगळी. टीएनएफ हे दाहाचा इशारा देणारं प्रथिन दिल्यावर उंदराच्या अस्तरात पी-सिलेक्टिनचं उत्पादन वाढतं; माणसात तसं होत नाही, कारण त्या जनुकाची नियंत्रक जागाच वेगळी आहे. उंदरात चमकलेलं औषध माणसात विझण्याचं हे एक कारण आहे.

माणसांवरच्या चाचण्यांचा इतिहास म्हणूनच फारसा गोड नाही. सायलेक्सिन हे सायलिल लुईस एक्सचं जवळचं रूप 1990 च्या दशकाच्या अखेरीस तान्ह्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेत तपासलं गेलं. अपेक्षित फायदा दिसला नाही. लहान, पाण्यात विरघळणारा रेणू मूत्रपिंडं चटकन बाहेर टाकतात आणि तोंडावाटे तो फारसा शोषलाच जात नाही. रिव्हिपॅन्सेल सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातल्या वेदनेच्या झटक्यासाठी होतं. 76 रुग्णांच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत ते घेणाऱ्यांना शिरेतून लागणारी ओपिऑइड वेदनाशामकं सरासरी 83 टक्क्यांनी कमी झाली. तिसऱ्या टप्प्यात प्रौढांना पहिला डोस 1680 मिलिग्रॅम आणि मग दर 12 तासांनी 840 मिलिग्रॅम शिरेतून दिला. 2019 मध्ये जाहीर झालेल्या निकालात मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. नंतरच्या विश्लेषणात, वेदना सुरू झाल्यापासून साधारण 26 तासांच्या आत औषध मिळालेल्यांना फायदा दिसला. मागाहून केलेल्या अशा विश्लेषणावर औषध मंजूर होत नाही आणि होऊही नये. तरी जीवशास्त्राच्या दृष्टीने ते पटण्यासारखं आहे: पेशी एकदा घट्ट चिकटून पलीकडे उतरल्या की गडगडणं अडवून उपयोग काय?

दाह शोधण्याच्या कामी मात्र शर्करांनी चांगली बाजी मारली आहे. कारण तिथे गणितच उलटं आहे. औषधाला बहुतेक सगळे सिलेक्टिन तासन् तास व्यापून ठेवावे लागतात, त्यासाठी ग्रॅमच्या घरातला डोस लागतो. शोधक रेणूला थोड्याशा जागी रेंगाळलं तरी पुरतं. उरलेला जितका लवकर शरीराबाहेर जाईल तितकं चित्र स्वच्छ.

सर्वांत वापरातला शोधक म्हणजे एफडीजी, दुसऱ्या जागेवर हायड्रॉक्सिलऐवजी किरणोत्सारी फ्लोरिन-18 बसवलेला ग्लुकोज. माणसावर तो पहिल्यांदा 1976 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वापरला गेला. खवळलेले मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि न्यूट्रोफिल ग्लुकोज अधाशासारखा ओढतात. एफडीजी आत गेला की हेक्झोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट लावतं, पण पुढच्या विकराला दुसऱ्या जागेवरचा हायड्रॉक्सिल लागतो. तो नसल्याने रेणू तिथेच अडकतो आणि पेट स्कॅनमध्ये (शरीरातला किरणोत्सार टिपणाऱ्या तपासणीत) ती जागा उजळते. फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटं, त्यामुळे सगळा कारभार घड्याळावर चालतो: किमान चार ते सहा तास उपाशी, टोचल्यावर साधारण 60 मिनिटं शांत पडून राहणं, मग स्कॅन. या वेळात हालचाल केली तर स्नायू उजळतात. नुकतंच इन्सुलिन घेतलं असेल तर एफडीजी स्नायूंतच जातो. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध चालू असेल तर आतडं उजळून दाहाचा भास होतो. हृदयाचा दाह पाहायचा असेल तर नुसता उपास पुरत नाही. आधी कर्बोदकं टाळून स्निग्ध आहार द्यावा लागतो, म्हणजे हृदयाचा निरोगी स्नायू ग्लुकोज सोडून मेदाम्लांवर चालतो आणि उजेड फक्त दाहाचा उरतो. मोठ्या रक्तवाहिन्यांच्या दाहाचा संशय असेल आणि डोळ्यांना धोका नसेल तर स्कॅन स्टेरॉइड सुरू करण्याआधी किंवा तीन दिवसांच्या आत करतात. पुढे उजेड मावळतो आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येतो.

एफडीजीची मर्यादा अशी की कर्करोग, जंतुसंसर्ग आणि जंतूविना झालेला दाह तिन्ही सारखेच उजळतात. त्यावरचा एक सुंदर उपाय जवळजवळ फुकटात मिळतो. तयार एफडीजीवर सोडियम बोरोहायड्राइडची क्रिया केली की किरणोत्सारी सॉर्बिटॉल मिळतं. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्या कुळातले जिवाणू ते खातात, माणसाच्या पेशी सहसा नाही. 2014 मध्ये उंदरांत हे दाखवलं गेलं आणि पुढे रुग्णांतही वापर झाला. स्टॅफिलोकॉकस मात्र यात दिसत नाही, तेव्हा स्कॅन कोरा आला म्हणजे संसर्ग नाही असं म्हणता येत नाही. आणखी एक वाट मॅनोज या शर्करेची. टिल्मॅनोसेप्ट या शोधकात डेक्स्ट्रान या लांब शर्करा-साखळीच्या कण्यावर अनेक मॅनोज टांगलेले असतात आणि ते मॅक्रोफेजवरच्या सीडी206 या प्रथिनाला धरतात. किरणोत्सारी टेक्नेशियम-99एम जोडून ते गॅमा कॅमेऱ्यात पाहतात. अमेरिकेत 2013 मध्ये त्याला लसिका गाठी शोधण्यासाठी मान्यता मिळाली आणि संधिवाताच्या सांध्यांसाठी त्याचा अभ्यास चालू झाला. एका हाताची सैल पकड अनेक हातांनी भरून काढण्याची निसर्गाची युक्ती इथे उचलली आहे. सायलिल लुईस एक्स टांगलेल्या लोहकणांनी उंदरांच्या मेंदूतला दाह एमआरआयमध्ये दाखवला गेला तोही याच युक्तीने.

स्कॅनशिवायही शर्करा बोलतात. दाहात यकृत जी प्रथिनं जास्त सोडतं त्यांच्यावर एन-ॲसिटिल ग्लुकोसमाइन लगडलेलं असतं. रक्तद्रवाच्या एनएमआरमध्ये 2.0 पीपीएमजवळ त्याचा एकत्रित संकेत येतो, त्याला ग्लायक-ए म्हणतात. सीआरपीसारखा (दाह मोजणारी नेहमीची रक्तचाचणी) तो दिवसादिवसाला फारसा उड्या मारत नाही, म्हणून रेंगाळणाऱ्या दाहाचा माग ठेवायला बरा. दाह कुठे आहे हे मात्र तो सांगत नाही. तासांच्या हिशेबात चालणाऱ्या सिलेक्टिन-औषधांसाठी रक्तात सुटलेलं ई-सिलेक्टिन मोजणं जवळचं वाटतं, पण तेही अस्तरावरून गळून पडलेलं प्रथिन असतं. अस्तरावर या क्षणी किती आहे ते त्यावरून थेट कळत नाही. ते सांगणारी चाचणी रोजच्या वापरात येत नाही तोवर अशा औषधांच्या चाचणीत रुग्ण निवडताना वेदना सुरू झाल्याची वेळ हाच त्यातल्या त्यात भरवशाचा आधार आहे.