ब्रिटनमधलं ओळखपत्राचं भांडण येतं कुठून

सप्टेंबर २०२५ मधे पंतप्रधान स्टार्मर यांनी डिजिटल आयडीची घोषणा केली, ब्रिटनमधे नोकरी करायची तर फोनमधे सरकारी ओळखपत्र पाहिजेच असं, आणि बघता बघता विरोधातल्या पिटिशनवर जवळपास ३० लाख सह्या पडल्या. तेव्हा पुण्याहून भावाचा मेसेज आला, "एवढं काय आहे त्यात, आम्ही तर आधार खिशात घेऊनच फिरतो." एका ओळीत उत्तर देता येईना, कारण हे भांडण आजचं नाही, नीट बघितलं तर शंभर वर्षं जुनं आहे.

पहिल्या महायुद्धात लोकांच्या नोंदीचं एक रजिस्टर झालं होतं पण ते फार टिकलं नाही. खरी गोष्ट सुरू होते १९३९ ला. युद्ध सुरू झाल्यावर लगेच कायदा केला आणि २९ सप्टेंबरच्या रात्री घराघरात कोण कोण आहे त्याची नोंद घेतली, चार कोटींहून जास्त लोक. कारणं तीनच सांगितली होती, सैन्यभरती, सुरक्षा आणि रेशन. लोकांनी कुरकुर न करता कार्ड घेतलं, बॉम्ब पडत असताना कोण वाद घालणार. पण १९४५ ला युद्ध संपलं तरी कार्ड संपलं नाही, उलट १९५० पर्यंत ३९ सरकारी खाती ते वापरायला लागली होती. मला या सगळ्या इतिहासात हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तीनाचे ३९ झाले आणि कोणी मुद्दाम कट केला म्हणून नाही, आयतं हाताशी आहे तर वापरा, एवढंच.

मग ७ डिसेंबर १९५० ला उत्तर लंडनमधे फिंचलीला हॅरॉल्ड मकल नावाच्या कॉन्स्टेबलने एक गाडी थांबवली. चालवत होता क्लॅरेन्स विलकॉक, ड्रायक्लीनिंगच्या धंद्यातला माणूस, लिबरल पक्षाचा कार्यकर्ता. ओळखपत्र दाखव म्हटल्यावर तो म्हणाला, मी लिबरल आहे आणि असल्या गोष्टींच्या विरोधात आहे. पोलिसाने दोन दिवसांत स्टेशनवर आणून दाखव म्हणून फॉर्म दिला, तेही याने केलं नाही. केस वर गेली, सात न्यायाधीश बसले, आणि विलकॉक हरला बरं का, कारण युद्धाची आणीबाणी संपली असा अधिकृत आदेश सरकारने काढलेलाच नव्हता, त्यामुळे कायदा जिवंत होता. पण सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी पोलिसांना चांगलंच सुनावलं, युद्धासाठी केलेला कायदा असा ऊठसूट वापरला तर सरळमार्गी माणसं गुन्हेगार ठरतात आणि पोलिसांबद्दलची आपुलकी जाते, असं. फेब्रुवारी १९५२ मधे चर्चिल सरकारने कार्ड रद्द केलं. कार्डावरचा नंबर मात्र राहिला, आरोग्यसेवेने तोच पेशंटचा नंबर म्हणून आधीच उचलला होता.

त्या दिवसापासून ब्रिटिश माणसाच्या डोक्यात हे पक्कं बसलंय की रस्त्यात पोलिसाने थांबवलं तरी खिशात कागद असायची सक्ती नाही. गाडीचं लायसन्ससुद्धा जवळ नसेल तर सात दिवसांत स्टेशनवर दाखवता येतं. मी ब्रिटनमधे नवीन आलो तेव्हा मला हे खरंच वाटेना.

पुढे ब्लेअर सरकारने २००६ ला ओळखपत्राचा कायदा पास केला, कार्डापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या मागचं राष्ट्रीय रजिस्टर, बोटांचे ठसे वगैरे सगळं. सरकार कधी म्हणायचं दहशतवाद रोखायला, कधी बेनिफिटमधली म्हणजे सरकारी भत्त्यातली फसवणूक, कधी बेकायदा स्थलांतर, कारण दर थोड्या दिवसांनी बदलायचं आणि लोक तिथेच सावध झाले. नोव्हेंबर २००७ मधे तर कळलं की करखात्याने दोन सीड्या हरवल्या, नोंद न करता खात्याच्या टपालातून पाठवलेल्या, त्यात चाइल्ड बेनिफिटवाल्या (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) अडीच कोटी लोकांची माहिती, बँक अकाउंटसकट. त्यानंतर आमच्याकडे डेटा सुरक्षित राहील हे वाक्य कोण ऐकून घेणार होतं. २०१० ला सरकार बदललं, योजना रद्द झाली आणि फेब्रुवारी २०११ मधे रजिस्टरच्या हार्ड डिस्क अक्षरशः मशीनमधे घालून चुरा केल्या. तिकडे २९ सप्टेंबर २०१० लाच नंदुरबारच्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं.

पण एक गोष्ट इथले व्यक्तिस्वातंत्र्यवाले मित्र सांगत नाहीत. २०१० ला कार्ड गेलं ते नागरिकांचं. परदेशी माणसांचं २००८ पासूनचं बायोमेट्रिक कार्ड तसंच राहिलं. वर २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, बँक यांनाही कागद तपासायला लावलं, कंपन्या तर आधीपासून तपासत होत्याच, म्हणजे कार्ड नाही पण तपासणी दारोदार. त्यात विंडरश पिढी भरडली गेली, कॅरिबियनमधून लहानपणी कायदेशीर आलेली माणसं, चाळीस पन्नास वर्षं इथे राबलेली, कागद दाखवता आला नाही म्हणून कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार अडले, काहींना देशाबाहेर काढलं. त्यामुळे ओळखपत्र असतं तर ही माणसं वाचली असती, हा समर्थकांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण मला वाटतं दोष कागद नसण्याचा नव्हता, जिथे तिथे कागद मागण्याचा होता. २०२३ पासून इंग्लंडमधे मतदानालाही फोटो आयडी लागतो, त्यात म्हाताऱ्यांचा बसपास चालतो आणि तरुणांचं रेल्वे सवलतीचं रेलकार्ड चालत नाही, कोणता कागद धरायचा हे ठरवण्यातच किती राजकारण असतं ते इथे दिसतं.

ऑक्टोबर २०२५ मधे स्टार्मर मुंबईत आले तेव्हा आधारचं भरपूर कौतुक करून गेले. जानेवारी २०२६ मधे मात्र सरकारने माघार घेतली, नोकरीसाठी डिजिटल आयडीचीच सक्ती नाही, फक्त तपासणी डिजिटल होणार.

भावाला मी शेवटी माझंच सांगितलं. माझं ते परदेशी माणसांचं प्लॅस्टिकचं कार्ड ३१ डिसेंबर २०२४ ला संपलं, आता सगळं ऑनलाइन. गेल्या वर्षी भाड्याचं घर बघायला गेलो तर एजंटने पहिल्यांदा शेअर कोड (इथे राहायचा हक्क ऑनलाइन दाखवणारा कोड) मागितला, मी जिन्यातच उभा राहून फोनवर लॉगिन करत बसलो, साइट उघडेना, आणि माझ्या मागे रांगेत असलेल्या इंग्रज मुलाने नुसता पासपोर्ट दाखवला आणि आत गेला.