भाटाच्या वहीत आत्या नसते

आमच्या गावाकडं, परभणी जिल्ह्यात, अजून भाट येतो. वही उघडून पणजोबा, खापरपणजोबा धडाधडा वाचतो, पण आत्या त्यात नसते, लेक दिली की विषय संपला. कॅन्सरची फॅमिली हिस्टरी सांगतानाही आपण हेच करतो.

माझ्या चुलत बहिणीला छत्तिसाव्या वर्षी ब्रेस्टमधे गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं घरात कुणाला होतं का, तर काकू म्हणाली, "नाही हो, कुणालाच नाही," कारण ती तिच्या माहेरचंच सांगायली होती. मग काउन्सेलर मॅडमनी कागदावर झाड काढलं, पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, कॅन्सर झालेला असला की आतून भरायचा आणि माणूस गेलेलं असलं की वरून तिरपी रेघ. तेव्हा काका हळूच म्हणाले, त्यांची बहीण, गंगाखेडची आक्का, ओव्हरीच्या कॅन्सरनं गेली होती. काकांचा चौकोन कोरा, शेजारी भरलेला गोल, खाली भरलेला गोल.

ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरशी जोडलेले दोन जीन आहेत: बीआरसीए 1 हा 17 नंबरच्या क्रोमोसोमवर असतो (ब्रेस्ट कॅन्सरशी संबंधित जीन तिथं आहे हे अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मधे दाखवलं) आणि बीआरसीए 2 असतो 13 नंबरवर, ही मुलगा-मुलगी ठरवणारी क्रोमोसोम नव्हेत, म्हणजे बिघडलेला जीन आईकडून येऊ शकतो तसा बापाकडूनही, लेकरात उतरायचा चान्स 50 टक्के. हे जीन सगळ्यांतच असतात बरं का, तुटलेला डीएनए सांधायचं काम करतात. बिघडलेली एक कॉपी जन्मापासून असली तरी दुसरी निभावून नेते, एखाद्या पेशीत तीपण गेली की गडबड सुरू. त्यामुळं वारशात कॅन्सर येत नाही, धोका येतो, पण तो लहान नाही: बीआरसीए 1 बिघडलेला असला तर आयुष्यभरात ब्रेस्ट कॅन्सरचा धोका 60 टक्क्यांच्या वर आणि ओव्हरीचा साधारण 40 ते 60. पुरुषांनाही प्रोस्टेटचा, क्वचित ब्रेस्टचापण होतो.

तरी एकूण ब्रेस्ट कॅन्सरमधे असे वारशाचे 5 ते 10 टक्केच, उगीच सगळ्यांनी टेस्टला पळू नये. टेस्ट आधी पेशंटची करतात, तिच्यात बिघाड सापडला की मग घरच्यांची. बिघाड निघाला तर 25 पासून दरवर्षी एमआरआय, लेकरं झाल्यावर ओव्हरी आणि ट्यूब काढून टाकणं असे मार्ग असतात.

बहिणीचा रिपोर्ट बीआरसीए 1 चा आला. गंगाखेडची आक्का माझ्याही वडिलांची सख्खी बहीण, आणि आम्ही तिघी बहिणी. बाबांना म्हटलं रक्त द्यायचंय, तर म्हणायलेत, "मला काहून? मी गडी माणूस." बुधवारी घेऊन जायलोत.