व्हिडिओ गेमचा रिफंड आणि एक्स्चेंज

विकत घेतलेला गेम आवडला नाही म्हणून तो परत करून पैसे घेणे म्हणजे रिफंड, आणि दुकानदाराला देऊन त्याच्या बदल्यात दुसरा गेम किंवा रोख रक्कम घेणे म्हणजे एक्स्चेंज. डिस्क किंवा कार्ट्रिज ही घेणाऱ्याच्या मालकीची वस्तू असते. ती वर्षभरानेही विकता येते. ऑनलाइन स्टोअरवरून डाउनलोड केलेल्या गेममध्ये मात्र खात्यावर फक्त वापरण्याचा परवाना जमा होतो आणि तो दुसऱ्याला देता येत नाही. फ्रान्समधील एका ग्राहक संघटनेने हे बंधन उठवण्यासाठी स्टीम हे ऑनलाइन गेम स्टोअर चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीविरुद्ध दावा लावला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला, पण २०२२ मध्ये तो अपिलात फिरला. त्यामुळे डिजिटल गेम घेणाऱ्याच्या हाती स्टोअरने दिलेली मुदत तेवढी उरते.

पीसीवर खेळणाऱ्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडणारा नियम व्हॉल्व्हच्या स्टीम स्टोअरचा आहे. जून २०१५ पासून तो लागू आहे. खरेदीला १४ दिवस उलटलेले नसावेत आणि खेळलेला वेळ २ तासांहून कमी असावा; दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. कारण म्हणून ‘आवडला नाही’ एवढे पुरते. पूर्ण किमतीला घेतलेला गेम चार दिवसांनी सेलमध्ये आला, तर तो परत करून सेलच्या भावात पुन्हा घेण्यासही स्टीमची हरकत नसते. हा नियम येण्याआधी ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्येच व्हॉल्व्हला न्यायालयात खेचले होते. रिफंडच्या हक्काबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१६ मध्ये कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

बहुतेकांचा घोळ दोन तासांच्या हिशेबात होतो. गेम चालू असेल तेवढा सगळा वेळ मोजला जातो: मेन्यूत ग्राफिक्सची सेटिंग बदलत बसलेली वीस मिनिटे, गेम सुरू झाल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याची वाट, पॉझ करून जेवायला गेलेला अर्धा तास. काही गेम आधी स्वतःचा वेगळा लाँचर उघडतात. ती खिडकी उघडी राहिली तरी घड्याळ चालूच राहते. एप्रिल २०२४ पासून प्रकाशनाआधी मिळणाऱ्या ‘ॲडव्हान्स्ड ॲक्सेस’मधला वेळही यात धरला जातो. म्हणून पहिल्या तासात कथेत रमण्याआधी गेम आपल्या मशीनवर अडखळतो का, कंट्रोल हाताला बसतात का, हे पाहून घ्यावे आणि दीड तासाच्या आत निर्णय करावा. खेळलेला वेळ लायब्ररीत त्या गेमच्या पानावर दिसतो.

अर्ज करण्यासाठी स्टीमच्या मदत विभागात अलीकडच्या खरेदीतून गेम निवडावा, रिफंड हवा असल्याचे सांगावे, कारण निवडावे आणि पैसे स्टीम वॉलेटमध्ये हवेत की मूळ खात्यात ते ठरवावे. मंजुरीनंतर साधारण आठवड्यात रक्कम जमा होते. बाहेरच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या ‘की’वर, म्हणजे गेम खात्यात जोडण्याच्या कोडवर, हा रिफंड मिळत नाही. अनेक गेमचे एकत्र बंडल घेतले असेल, तर त्यातल्या सगळ्या गेमचा वेळ एकत्र मोजतात.

एपिक स्टोअरची अट अशीच, १४ दिवस आणि २ तासांची आहे. जीओजी हे पीसी गेमचे स्टोअर सर्वांत उदार: २०२० पासून तिथे खेळलेला गेमही ३० दिवसांत परत करता येतो. प्लेस्टेशन स्टोअर १४ दिवस देते, पण डाउनलोड सुरू झाले की सदोष गेम सोडल्यास हक्क संपतो. म्हणून मनात शंका असेल, तर विकत घेण्याआधीच आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद करावी. निन्टेन्डोच्या ईशॉपवर डिजिटल खरेदी अंतिम मानली जाते. प्लेस्टेशनच्या नियमाला अपवाद झाल्याचे मोठे उदाहरण ‘सायबरपंक २०७७’ या गेमचे. १० डिसेंबर २०२० रोजी तो आला आणि जुन्या कन्सोलवर इतका बिघडलेला निघाला, की सुमारे आठवड्याभरात प्लेस्टेशनच्या सोनी कंपनीने तो स्टोअरवरून उतरवून पूर्ण पैसे परत देऊ केले.

डिस्कचा बाजार वेगळा. सील फोडलेली डिस्क नवीन म्हणून दुकानदार परत घेत नाही. ती सेकंडहँड म्हणूनच जाते. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा ऑनलाइन जाहिरात देऊन ती विकता येते. दुकानदार साधारणपणे रोखीपेक्षा बदली गेमवर जास्त भाव देतो. दरवर्षी नवी आवृत्ती येणाऱ्या फुटबॉल-क्रिकेटच्या गेमचा भाव सर्वांत लवकर कोसळतो, तर निन्टेन्डोचे स्वतःचे गेम बराच काळ किंमत टिकवतात. न आवडलेला गेम कपाटात पडून राहिला की त्याचा भाव जातो. तो पहिल्या महिन्यातच द्यावा.

घेताना डिस्क उजेडाखाली तिरकी धरून पाहावी. ब्लू-रे डिस्कमध्ये माहितीचा थर वाचण्याच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर खोल असतो, डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर. म्हणून खोल ओरखडा पडलेली डीव्हीडी घासून वाचवता येते, ब्लू-रे बहुधा नाही. मधल्या भोकाभोवती बारीक तडा असेल, तर डिस्क घेऊच नये. जमल्यास पूर्ण इन्स्टॉल होऊन गेम सुरू होईपर्यंत थांबावे, कारण खराब भाग अनेकदा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर अडतो. डब्यातला बोनस कोड वापरलेला असेल, तर त्याचे पैसे मोजू नयेत.

डब्यात डिस्कऐवजी फक्त डाउनलोड कोड असेल आणि तो वापरला गेला असेल, तर विकण्यासारखे काही उरत नाही. निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलच्या ‘गेम-की कार्ड’मध्येही पूर्ण गेम नसतो, तो डाउनलोडच करावा लागतो, पण परवाना कार्डात असल्याने ते कार्ड दुसऱ्याला देता येते. स्विचच्या सेव्ह फाइल कार्ट्रिजवर नव्हे, कन्सोलमध्ये राहतात, त्यामुळे गेम विकून पुढे पुन्हा घेतला तर जुना खेळ जिथे सोडला तिथून सुरू होतो.