हिमारा, 1912 : उठाव की स्वारी?

उस्मानी (ऑटोमन तुर्की) साम्राज्याविरुद्धच्या पहिल्या बाल्कन युद्धात ग्रीस उतरून महिना होत आला असताना, 18 नोव्हेंबर 1912 रोजी, आजच्या दक्षिण अल्बानियातील हिमारा या किनाऱ्यावरच्या गावातून उस्मानी शिबंदीला हुसकावून लावण्यात आले. ग्रीसमध्ये तेव्हा जुनी दिनदर्शिका चालू असल्याने तिकडच्या नोंदींत हीच तारीख 5 नोव्हेंबर अशी येते.

या घटनेला ‘उठाव’ म्हणावे का, इथेच सारी गुंतागुंत आहे. नेतृत्व करणारा अधिकारी हिमाराचाच भूमिपुत्र होता; परंतु तो ग्रीक राज्याच्या सशस्त्र पोलीस दलात नोकरीला होता, मॅसेडोनियातील संघर्षात लढलेला होता आणि त्याच्यासोबतच्या स्वयंसेवकांत क्रीट बेटावरचे लोकही होते. म्हणून एका बाजूला ही ‘मुक्ती’ ठरते, तर दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेली स्वारी. गावकऱ्यांनी स्वतः शस्त्र उचलल्यामुळे उठाव हा शब्द मला रास्त वाटतो. मात्र तो साऱ्या परिसराला लावता येत नाही. इथल्या काही गावांत घरची भाषा ग्रीक होती, काहींत अल्बानियन, आणि धर्म बहुतेकांचा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. तेव्हा ‘ग्रीक’ कोणाला म्हणायचे, भाषेवरून की धर्मावरून? त्यातच अवघ्या दहा दिवसांनी, 28 नोव्हेंबरला, लोगारा खिंडीपलीकडील व्लोरा शहरात अल्बानियाचे स्वातंत्र्य घोषित झाले.

सीमा आखण्यासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने भाषेचा निकष शेवटी मागे ठेवला आणि आर्थिक, लष्करी व भौगोलिक सोय पाहिली. 17 डिसेंबर 1913 च्या फ्लोरेन्स कराराने हिमारा अल्बानियाला दिले. ज्यांनी वर्षभरापूर्वी ग्रीसमध्ये सामील होण्यासाठी जीव धोक्यात घातला होता, त्यांना हा निर्णय अन्यायाचा वाटणे स्वाभाविकच होते. फेब्रुवारी 1914 मध्ये हिमाराने स्वायत्तता पुकारली, मे महिन्यातील कॉर्फू कराराने ती मान्यही झाली; पण पहिले महायुद्ध सुरू होताच तो करार कागदावरच राहिला.

पुढे अल्बानियाच्या साम्यवादी राजवटीने ग्रीक अल्पसंख्याकांसाठी अधिकृत गावे ठरवली, त्यांतून हिमारा वगळले गेले. 2023 च्या हिमाराच्या नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीत ग्रीक समाजातील उमेदवाराला मतदानाच्या दोन दिवस आधी मतखरेदीच्या आरोपावरून अटक झाली. तरीही तो निवडून आला. पुढे शिक्षा झाली, आणि तुरुंगात असतानाच 2024 मध्ये ग्रीसमधून युरोपीय संसदेवर त्याची निवड झाली.