आयुष्याच्या वळणावर थेरपिस्ट: ही मदत आली कुठून?

नोकरी सुटते, लग्न होतं किंवा मोडतं, बाळ येतं, मुलं घराबाहेर पडतात, निवृत्ती येते, जोडीदार जातो. यातला कुठलाही प्रसंग आजार म्हणता येणार नाही. तरी अशा वेळी माणूस थेरपिस्टसमोर जाऊन बसू शकतो आणि आजार सिद्ध केल्याशिवाय त्याचं ऐकून घेतलं जातं. आज हे साधं वाटतं, पण मानसोपचार इथवर पोचायला विसाव्या शतकाचा बराचसा काळ गेला.

बदलाच्या काळाची घडण आधी ओळखली ती मानववंशशास्त्राने. आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी 1909 मध्ये जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रसंगांचे विधी तपासून त्यांत तीन टप्पे दाखवले: जुन्यापासून तुटणं, मधला अधांतरी काळ आणि नव्या जागी सामावलं जाणं. मधल्या टप्प्यात माणूस धड इकडचा नसतो ना तिकडचा. त्या काळात काय करायचं, किती दिवस करायचं, सोबत कोणी राहायचं, हे विधी ठरवून देत. जिथे विधी क्षीण झाले, तिथे हा मधला काळ एकट्याच्या अंगावर पडला.

मानसोपचाराने मात्र त्यापासून अंतर राखलं होतं. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी 1917 च्या निबंधात शोक आणि विषण्णता (आजाराच्या पातळीवरची खोल खिन्नता) यांत फरक केला. शोक हा आजार नाही, तो काळाबरोबर ओसरतो आणि त्यात हस्तक्षेप करणं निरुपयोगी, कदाचित अपायकारकही ठरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिला भाग आजही खरा वाटतो. दुसऱ्या भागामुळे मात्र शोकात असलेल्या माणसाकडे ‘आपोआप बरा होईल’ म्हणून पाहण्याला आधार मिळाला.

हे चित्र पालटायला एक भीषण दुर्घटना कारण झाली. 28 नोव्हेंबर 1942 च्या रात्री बोस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागून 492 माणसं गेली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडमन वाचलेल्यांशी आणि मृतांच्या नातेवाइकांशी बोलू लागले. या आणि इतर शोकग्रस्तांच्या, एकूण 101 जणांच्या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख 1944 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या लेखातलं बारकाईचं वर्णन आजही थक्क करतं. शोक शरीरात लाटांनी येतो. एकेक लाट वीस मिनिटांपासून तासभर टिकते. घसा आवळतो, श्वास अपुरा पडतो, सुस्कारे सुटत राहतात, पोटात पोकळी जाणवते. जवळचं कुणी गमावलेल्या माणसाला ‘माझं डोकं तर फिरलं नाही ना’ ही भीती वाटते, तेव्हा हे वर्णन त्याच्या किती कामी येतं! काहीच झालं नाही अशा थाटात कामाला लागलेल्यांकडेही लिंडमन यांचं लक्ष गेलं. त्यांचा शोक लांबणीवर पडलेला असे आणि पुढे वेगळ्याच रूपात डोकं वर काढी. त्यांचा निष्कर्ष फ्रॉइडच्या सल्ल्याच्या उलट होता: गुंतागुंत नसेल, तर चार ते सहा आठवड्यांत आठ ते दहा भेटी घेऊन माणसाला शोकातून वाट काढायला मदत करता येते. वळणावरच्या माणसाला थोडक्या काळाची, वेळेवरची मदत द्यावी, या विचाराचा पाया इथे घातला गेला असं मी मानते.

लिंडमन यांनी 1948 मध्ये बोस्टनजवळच्या वेल्स्ली इथे सर्वसामान्य रहिवाशांसाठी केंद्र सुरू केलं. त्यांचे सहकारी जेराल्ड कॅप्लन यांनी 1964 मध्ये या अनुभवाला प्रतिबंधक मानसोपचाराची चौकट दिली: संकटाच्या काही आठवड्यांत माणसाची घडी विस्कटलेली असते, म्हणून तेव्हाची छोटी मदतही लांबवर पुरते. त्याच सुमारास इतर दारंही उघडत होती. कार्ल रॉजर्स यांनी 1942 पासून समुपदेशनाचा रोख सल्ल्याकडून ऐकण्याकडे वळवला. एरिक एरिक्सन यांनी 1950 मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडून माणूस बालपणानंतरही घडत राहतो हे ठसवलं.

पुढे 1967 मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांची आयुष्यातल्या 43 प्रसंगांचा ताण गुणांत मोजणारी मोजपट्टी आली. जोडीदाराचा मृत्यू 100, घटस्फोट 73, लग्न 50, निवृत्ती 45. सुखाचा प्रसंगही माणसाला दमवतो, हे तिने आकड्यांत मांडलं, आणि हे तिचं मोठं देणं. पण एकच घटस्फोट एकाला उद्ध्वस्त करतो आणि दुसऱ्याची सुटका करतो, हे तिला दिसत नाही. ही उणीव ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांच्या 1971 च्या मांडणीने भरून काढली. ते म्हणाले, माणूस जगाविषयीच्या असंख्य गृहीतांवर जगतो आणि मोठ्या बदलात तीच कोसळतात. नवरा गेल्यावरही चहाला दोन कप काढले जातात, ते यामुळेच. नॅन्सी श्लॉसबर्ग यांनी 1981 मध्ये त्यात न घडलेल्या गोष्टीही धरल्या: न झालेलं मूल, न मिळालेली बढती. अशा दुःखाची कुणी विचारपूसही करत नाही, म्हणून ही भर मला फार मोलाची वाटते.

एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या 1969 च्या पाच अवस्थांचा (नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार) उल्लेख इथे करायलाच हवा. त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून सुचल्या होत्या. पुढे त्या सरसकट प्रत्येक बदलाला लावल्या गेल्या, आणि ‘मला अजून राग कसा आला नाही’ याचीच काळजी करणारी माणसं तयार झाली.

थेरपीच्या खोलीतली प्रत्यक्ष पद्धत मात्र दुसरीकडे आकाराला येत होती. जेराल्ड क्लर्मन, मर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये नैराश्यावरच्या औषधाच्या अभ्यासासोबत बोलण्याचा एक उपचार आखला. त्यातून आंतरव्यक्ती थेरपी, म्हणजे माणसाच्या नात्यांवर भर देणारी थेरपी, घडली. तिची पुस्तिका 1984 मध्ये आली. साधारण 12 ते 16 सेशनच्या या उपचारात चार विषय ठरलेले: शोक, नात्यातले वाद, भूमिकेतला बदल आणि नात्यांची उणीव. भूमिकाबदलाचं काम जुन्या भूमिकेपासून सुरू होतं. समजा, हाताखाली माणसं आल्यापासून एकीची झोप उडाली आहे. थेरपिस्ट आधी विचारते, ‘आधीच्या कामात काय छान होतं?’ मग विचारते, ‘आणि नकोसं काय होतं?’ हा दुसरा प्रश्न कळीचा असतो, कारण हातून गेलेलं सगळंच सोनेरी दिसायला लागतं. जुन्याचा नीट निरोप घेतल्यावर नव्या भूमिकेत काय जमत नाही, कुणाची सोबत मिळेल, यावर बोलणं येतं.

निदानाच्या वह्यांतही या त्रासाला जागा मिळत गेली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या 1952 आणि 1968 च्या आवृत्त्यांत परिस्थितीजन्य तात्पुरत्या त्रासाची नोंद होती. 1980 च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘समायोजन विकार’ (बदलाशी जुळवून घेताना होणारा त्रास) हे निदान आलं. या नावाने अनेकांना मदतीचा मार्ग मोकळा झाला. तरी प्रत्येक अवघड वळणावर विकाराचा शिक्का मारण्याची घाई मला पटत नाही.

मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये शोकाविषयी आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. सतत दुःखाला सामोरं गेलंच पाहिजे हा आग्रह त्यांनी सैल केला. माणूस कधी गमावलेल्याकडे वळतो, कधी बँकेची कामं, नवं वेळापत्रक, नव्या ओळखी यांत शिरतो, आणि ही ये-जाच सावरण्याची रीत असते. म्हणून आज एखादी व्यक्ती सेशनमध्ये रडण्याऐवजी पासबुकावरचं नाव बदलण्याबद्दलच बोलत राहिली, तर जाणता थेरपिस्ट तिला अडवत नाही. तिच्यासोबत कागदपत्रांची यादी करायला बसतो.