प्रेरणा आधी की काम आधी?

‘दृष्टिकोन बदला, आयुष्य बदलेल’ हे वाक्य आता इतकं सगळीकडे दिसतं की त्याला काही इतिहास असेल असं वाटतच नाही. जणू माणूस यशाचा विचार करायला लागला त्या दिवसापासून ते आपल्यासोबत आहे. प्रत्यक्षात यशासाठी विशिष्ट वृत्ती कमवावी लागते आणि ती कुणालाही कमावता येते, हा लोकप्रिय सल्ला फार तर पावणेदोनशे-दोनशे वर्षांचा आहे. एवढ्या काळात त्याचा अर्थ एकदा पार उलटला, आणि तो पुन्हा सुलटा करण्यात संशोधकांची बरीच वर्षं गेली.

जुन्या विचारवंतांनी मनाच्या शिस्तीवर कमी लिहिलेलं नाही. गुलामीत जन्मलेला, स्टोइक म्हणजे मनाच्या संयमावर भर देणाऱ्या प्राचीन पंथाचा तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगायचा की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, आणि हा फरक ओळखणं ही शहाणपणाची पहिली पायरी. पण त्याला हवी होती ती चित्ताची स्थिरता. बढती, पैसा, नावलौकिक या गोष्टी तो दुसऱ्या यादीत टाकायचा. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने 13 सद्गुणांची यादी करून एका वहीत रोजच्या चुकांचे काळे ठिपके मांडायला सुरुवात केली, तेव्हा आत्मसुधारणा आणि ऐहिक भरभराट एकमेकींच्या जवळ आल्या. त्यांचं लग्न लावलं ते मात्र सॅम्युएल स्माइल्सने.

स्माइल्स शिकला होता डॉक्टरकी, मग वर्तमानपत्राचा संपादक झाला, नंतर रेल्वे कंपनीत सचिव. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात काही तरुण कामगार संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना लिहायला, वाचायला, गणित करायला शिकवत. दोघातिघांनी सुरू केलेली मंडळी वाढत गेली, तेव्हा त्यांनी एक मोठी कळकट खोली भाड्याने घेतली. कॉलऱ्याच्या साथीत तिथे तात्पुरतं इस्पितळ होतं, त्यामुळे ती घ्यायला कुणी तयार नव्हतं आणि भाडं स्वस्त होतं. 1845 मध्ये या मंडळींनी स्माइल्सला ‘आमच्याशी थोडं बोला’ म्हणून बोलावलं. त्या व्याख्यानांतून पुढे ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक झालं. ते 1859 मध्ये निघालं, डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाच्याच वर्षी आणि त्याच जॉन मरे या प्रकाशकाकडून.

आज ते पुस्तक वाचणाऱ्याला नवल वाटतं ते त्यात ‘सकारात्मक विचार’ किती कमी आहेत याचं. पानापानावर कुंभार, विणकर, यंत्रज्ञ, शोधक आहेत. त्यांनी किती वर्षं घासली, किती वेळा हात पोळले, हे आहे. श्रोते आधीच कामाला लागलेले होते, हेही विसरून चालणार नाही. त्यांना जागं करायची गरज नव्हती. चाललेली वाट पुढे जाते एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.

पुस्तकावर आक्षेपही लगेच आले, आणि ते आजही शिळे झालेले नाहीत. जिंकलेल्यांची चरित्रं लिहिलीत, हरलेल्यांची का नाही, असं विचारलं गेलं. स्माइल्सने 1866 च्या प्रस्तावनेत या प्रश्नाची दखल घेतली आणि उत्तर दिलं की निव्वळ अपयशाची नोंद वाचायला खिन्न करणारी होईल आणि तिच्यातून शिकायलाही फारसं मिळणार नाही. मला हे उत्तर पटत नाही. तेवढीच मेहनत करून हरलेल्या माणसाची गोष्ट बाजूला ठेवली की जिंकलेल्याचा कुठलाही गुण यशाचं कारण वाटू लागतो. पहाटे उठणारे यशस्वी लोक दाखवता येतात. पहाटे उठूनही जिथल्या तिथे राहिलेल्यांची यादी कुणी करत नाही. त्याच प्रस्तावनेत स्माइल्सने आणखी एक खंत नोंदवली आहे: पुस्तकाच्या नावामुळे लोकांना ते स्वार्थाचं स्तोत्र वाटलं. ज्या खोलीतून पुस्तक निघालं तिथे माणसं एकमेकांना शिकवत होती, हा संदर्भ पाच-सात वर्षांतच गळून पडायला लागला होता.

जपानमध्ये या पुस्तकाचं जे झालं ते वेगळ्या अंगाने बोलकं आहे. नाकामुरा मासानाओने 1871 मध्ये त्याचा अनुवाद केला. सामुराई वर्गाची पिढीजात प्रतिष्ठा तेव्हा कोसळत होती, जन्मावर ठरलेलं स्थान जाऊन शिक्षणावर ठरणारं स्थान येऊ घातलं होतं. अनुवाद प्रचंड खपला. दार नुकतंच किलकिलं झालेल्या समाजात हा सल्ला सर्वांत जास्त रुजतो, असं दिसतं.

अर्थ पालटला तो अमेरिकेत, आणि सुरुवात झाली आजारपणापासून. फिनियस क्विम्बी हा मेन राज्यातला घड्याळजी. संमोहनाचे प्रयोग करता करता त्याची खात्री पटली की रोग्याला बरं करतो तो औषधावरचा विश्वास. म्हणजे चुकीची समजूत हाच रोग आणि समजूत सुधारणं हाच इलाज. त्याच्या मागून ‘न्यू थॉट’ म्हणून ओळखली जाणारी चळवळ उभी राहिली. तत्कालीन वैद्यकाचे जालीम उपाय पाहता शांतपणे बसून चांगलं बोलणारा माणूस अनेकांना खरोखर बरा वाटला असणार. विल्यम जेम्ससारख्या मानसशास्त्रज्ञाने 1902 मध्ये या ‘निरोगी मनाच्या धर्मा’ची बऱ्यापैकी आदराने चर्चा केली, पण सोबत बजावलंही की जगातलं दुःख आणि दुष्टपणा नजरेआड करणारी दृष्टी अपुरी राहते. त्याचं हे दुसरं वाक्य पुढच्या प्रचारकांनी सोयीने गाळलं.

फ्रान्समध्ये एमिल कुए हा औषधविक्रेता याच सुमारास वेगळ्या मार्गाने तिथेच पोहोचला. ‘रोज, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत आहे’ हे वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा पुटपुटायचं, आणि मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठींची दोरी बाळगायची. 1920 च्या दशकात युरोप-अमेरिकेत त्याची लाट आली. आज आरशासमोर उभं राहून म्हणायची जी वाक्यं शिकवली जातात, ती या दोरीचीच वंशज.

आजारातून ही कल्पना पैशात कशी शिरली? मंदीमुळे, असं माझं मत आहे. 1933 मध्ये अमेरिकेत साधारण दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. त्यानंतरच्या काही वर्षांतच, 1936 मध्ये डेल कार्नेगीचं माणसं जोडण्यावरचं आणि 1937 मध्ये नेपोलियन हिलचं श्रीमंत होण्यावरचं पुस्तक आलं आणि दोन्ही तुफान चालली. नोकरीच नसलेल्या माणसाला ‘घासत राहा’ म्हणून काय उपयोग? त्याच्याकडे उरलेली एकच मालमत्ता म्हणजे स्वतःचं मन, आणि ते बदलायला भांडवल लागत नाही. हिलने सांगितलं की उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीने 1908 मध्ये भेट देऊन यशाचं रहस्य शोधायचं काम आपल्यावर सोपवलं. या भेटीचा हिलच्या शब्दापलीकडे पुरावा सापडलेला नाही. 1952 मध्ये धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील याने श्रद्धा, प्रार्थना आणि आत्मविश्वास एकत्र बांधले, आणि तिथून पुढे ‘वृत्ती’ म्हणजे डोक्यातले विचार हे समीकरण पक्कं झालं. स्माइल्सचे कुंभार आणि विणकर केव्हाच मागे पडले होते.

या परंपरेने काही दंतकथाही मागे ठेवल्या. येल विद्यापीठात 1953 मध्ये ध्येयं लिहून ठेवणाऱ्या 3 टक्के विद्यार्थ्यांनी पुढे उरलेल्या 97 टक्क्यांपेक्षा जास्त संपत्ती कमावली, ही गोष्ट कितीतरी व्यासपीठांवरून सांगितली गेली. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. ‘सवय लागायला 21 दिवस’ याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकात आहे. त्याने लिहिलं होतं ते रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एवढे दिवस लागतात म्हणून. लंडनमधल्या संशोधकांनी नंतर खरंच मोजून पाहिलं, तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसामाणसांत 18 पासून 254 दिवसांपर्यंतचा फरक. बाविसाव्या दिवशी ज्यांनी स्वतःला आळशी ठरवून टाकलं असेल त्यांची कीव येते.

प्रयोगशाळांमध्ये दरम्यान निराळंच चाललं होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रज्ञ प्रेरणेकडे भूक-तहानेसारखं पाहत: उणीव निर्माण झाली की प्राणी हलतो, भरून निघाली की थांबतो. हॅरी हार्लोच्या माकडांनी या चित्रात खोडा घातला. पिंजऱ्यात ठेवलेली कड्या-खिट्ट्यांची कोडी ती कुठल्याही बक्षिसाविना सोडवत बसली. अब्राहम मॅस्लोने 1943 मध्ये गरजांच्या चढत्या क्रमाची मांडणी केली. तिचा तो प्रसिद्ध पिरॅमिड मात्र त्याने काढलेला नाही. तो नंतर व्यवस्थापन सल्लागारांच्या लेखनातून आला, आणि मूळ मांडणीतले सगळे जर-तर त्याच्या सरळ रेषांत हरवले.

खरा धक्का 1971 चा. एडवर्ड डेसीने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तुकडे जुळवायचं सोमा हे कोडं दिलं. काहींना प्रत्येक सुटलेल्या आकृतीमागे एक डॉलर दिला. नंतर पैसे बंद केले आणि मोकळ्या वेळात कोण काय करतं ते गुपचूप पाहिलं. पैसे मिळालेले विद्यार्थी आता कोड्याला पूर्वीपेक्षा कमी हात लावत होते. दोन वर्षांनी मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर असाच प्रयोग केला. ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलेल्या मुलांचा ओढा पुढे घटला; अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांचा घटला नाही. बक्षीस नेहमीच वाईट असा याचा अर्थ नाही. मुळात आवड नसलेल्या कामात ते उपयोगी पडतंच. पण प्रेरणा बाहेरून हवी तेवढी ओतता येते, ही समजूत तिथे मोडली.

याहून महत्त्वाचं काम मला अल्बर्ट बँड्युराचं वाटतं, आणि प्रेरणादायी भाषणांत त्याचं नाव सर्वांत कमी ऐकू येतं. का, ते उघड आहे. सापांची तीव्र भीती असलेल्या माणसांना तो पायरीपायरीने सापाजवळ नेत असे: आधी दुरून पाहायचं, मग जवळ जायचं, मग हातमोजा घालून स्पर्श. 1977 मध्ये त्याने मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार ठिकाणांहून येतो. सर्वांत भक्कम म्हणजे स्वतः करून पाहून जमल्याचा अनुभव. त्यानंतर आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना पाहणं. कुणी शब्दांनी दिलेला धीर यांच्या मानाने दुबळा, आणि शरीराची त्या क्षणीची अवस्था ही चौथी गोष्ट. म्हणजे सभागृहात तीन तास जे विकलं जातं ते यादीत खालच्या अंगाला आहे. आणि हा विश्वास ठरावीक कामापुरता असतो. गणितातला आत्मविश्वास व्यासपीठावर चढल्यावर कामाला येईलच असं नाही.

एवढं हाती असतानाही उलटा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालाच. कॅलिफोर्निया राज्याने 1986 मध्ये स्वाभिमान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कृतिगट नेमला. लोकांना स्वतःबद्दल बरं वाटू लागलं की गुन्हे, व्यसनं, शाळेतलं अपयश कमी होईल, ही अपेक्षा. 2003 मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळलं. स्वाभिमान आणि गुण यांचा थोडा संबंध दिसला, पण चांगले गुण मिळाल्याने स्वाभिमान वाढतो याला जास्त आधार होता. नुसता स्वाभिमान वाढवून गुण वाढल्याचं दिसलं नाही. बैल गाडीच्या मागे जुंपला होता.

गॅब्रिएल ओटिंगेनने आणखी एक गाठ सोडवली. 1991 मध्ये वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांचा अभ्यास करताना तिने अपेक्षा आणि दिवास्वप्न वेगळी मोजली. ‘मला जमेल’ असं मानणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. बारीक झाल्याची गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी. यशाचं चित्र डोळ्यांसमोर आणा, हा सल्ला देणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकच धरल्या होत्या. पुढे तिने सुचवलेली रीत साधी आहे: हवं ते कल्पून झालं की लगेच त्याच्या वाटेतला अडथळा कोणता ते शोधायचं. पीटर गॉलवित्झरने त्याला जोड दिली ती ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ अशा नेमक्या बेताची. यात स्फुरण चढण्यासारखं काही नाही, त्यामुळे त्याची पोस्टर होत नाहीत.

सध्याचा चलनी शब्द ‘माइंडसेट’, म्हणजे आपली क्षमता जन्मजात ठरलेली आहे की मेहनतीने वाढते याबद्दलची मनातली धारणा. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी 1998 मध्ये दाखवलं की ‘हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं अवघड प्रश्नांवर लवकर ढेपाळतात, ‘मेहनत केलीस’ असं ऐकलेली टिकून राहतात. यावरून शाळाशाळांत कार्यक्रम निघाले आणि दावे फुगत गेले. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 12 हजार विद्यार्थ्यांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तासाभराहून कमी वेळेच्या ऑनलाइन सत्रांनी मागे पडलेल्या मुलांची सरासरी श्रेणी, जी 4 पैकी मोजतात, साधारण 0.1 ने वाढली. इतक्या स्वस्त उपायाच्या मानाने हे वाईट नाही, पण आयुष्य बदलण्याच्या भाषेपासून ते फार लांब आहे. त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली: जिथे बरोबरीची मुलं अवघड काम अंगावर घेत होती, तिथे परिणाम ठळक होता, जिथे तसं वातावरण नव्हतं, तिथे तो फारसा उरला नाही. म्हणून या संशोधकांनी पुढे विद्यार्थ्यांसोबत शिक्षकांच्या समजुतींकडेही लक्ष वळवलं आहे: वर्गात चूक करून पुन्हा प्रयत्न करायला मुळात वाव मिळतो का, हे आता ते तपासतात.